रेकरच्या पेटीतली शांतता

माइनोल्फ रेकरला कुठलाच आवाज सहन होत नसे. अपवाद एकच, त्याचा स्वतःचा.

पाडरबोर्नमधल्या त्या चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर तो आणि त्याची बायको रोस्विटा तीसेक वर्षं राहत होते. खाली जिन्यात, टपालपेट्यांच्या वर, इमारतीच्या नियमांचा कागद लावलेला होता. कागद घरमालकाचा, पण त्यावर प्लास्टिकचं आवरण चढवलं ते रेकरने. ‘दुपारी एक ते तीन शांतता, रविवारी आणि सणाच्या दिवशी पूर्ण दिवस’ या ओळीखाली लाल शाईने पट्टी धरून रेघ मारली तीही त्यानेच. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अशा माणसांना कधीच कुणी सांगितलेलं नसतं.

नोकरी गावातल्याच संगणकाच्या कारखान्यात झाली. तिथे तो पत्र्याच्या पेट्यांचे आराखडे काढायचा. गल्ल्याच्या यंत्रांच्या पेट्या, बँकेतल्या यंत्रांच्या पेट्या. पेटीच्या आत काय चालतं ते बघणारे लोक वेगळे, वरच्या मजल्यावर बसणारे. माइनोल्फच्या वाट्याला आयुष्यभर बाहेरची बाजू आली. ते लोक आतलं बदलत राहिले आणि एक दिवस त्यांनी माइनोल्फलाही बदललं. म्हणजे हातात फुलांचा गुच्छ दिला आणि घरी पाठवलं.

घरी आल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती ही की स्वतःच्या हाताने एक संगणक जुळवला. मोठा, काळा, दणकट. आतलं सगळं एकदाचं त्याच्या मालकीचं झालं. त्या संगणकावर तो करायचा काय, तर संगणकाचं तापमान बघायचा.

रोस्विटा प्राथमिक शाळेत शिकवायची. तीही निवृत्त झाली, पण तिला आवाज हवा होता. तीस वर्षं चाळीस पोरांना ऐकू जाईल असं बोलल्यावर घशाला सवय लागते. अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका वाचनालयाचं काम तिने घेतलं. मोबदला नाही, मान मात्र खूप. वाचक निवडताना त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि फोनवरची बाई म्हणाली, “रेकरबाई, तुमचा आवाज ऐकताना अंगावर शाल घेतल्यासारखं वाटतं.” रोस्विटाने हे वाक्य घरी एकदाच सांगितलं. माइनोल्फ तेव्हा पेटीत डोकं घालून बसला होता. “हं,” तो म्हणाला.

मायक्रोफोन आणला, माइनोल्फच्याच संगणकाला जोडला, मागच्या खोलीत टेबल मांडलं. नदीवर नाव चालवणाऱ्या एका बाईची जाडजूड कादंबरी तिला मिळाली होती. पहिली प्रकरणं पाठवली. ती परत आली. मागे घूं असा आवाज येतोय, म्हणाले. पुन्हा वाचली, पुन्हा परत आली. तिसऱ्या वेळी तीच बाई फोनवर जरा अवघडून बोलली. “रेकरबाई, डोळे नसलेल्या माणसाला तो आवाज तुमच्यापेक्षा जास्त ऐकू येतो. पुढचं मुद्रण स्वच्छ आलं नाही, तर हे पुस्तक मला दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल हो.”

रोस्विटाने फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, “ऐक. ती पेटी बाहेर पॅसेजमध्ये ठेव. मायक्रोफोनला लांब केबल लाव. संपलं.”

घरगुती काढा सुचवणाऱ्या पेशंटकडे डॉक्टरने पाहावं तसं माइनोल्फने तिच्याकडे पाहिलं.

“रोस्विटा, हा उपाय नाही. ही पळवाट आहे.”

“मला पळवाट चालेल.”

“अगं, आवाज तसाच राहतो ना! नुसती जागा बदलतो.”

“मलाही तेवढंच हवंय. त्याने जागा बदलावी.”

“आवाज मुळातून काढायचा असतो,” माइनोल्फ म्हणाला. “पंखे बदलावे लागतील.”

इथे रोस्विटाने हट्ट धरला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर फुलांच्या गुच्छानंतर पहिल्यांदाच काहीतरी उजळलेलं तिला दिसलं. ती गप्प बसली. तिच्या तीस वर्षांच्या संसारातली ही सगळ्यात महाग शांतता ठरली.

पेटीतल्या पंख्यांचं शास्त्र तसं सोपं आहे, आणि सोपं शास्त्र माणसाला जास्त खोल गाडतं. पंखा लहान असेल तर तेवढीच हवा ढकलायला त्याला वेगात फिरावं लागतं, आणि तो किरकिरतो. मोठा असेल तर सावकाश फिरतो, गुरगुरतो. बारा सेंटिमीटरचा घ्यायचा की चौदाचा? पेटीच्या तोंडाला धुळीची जाळी असेल तर हवा रेटून आत घुसवणारा पंखा लागतो. मागे मोकळं भोक असेल तर नुसता भरपूर हवा हलवणारा पुरतो. समोरून दोन आत, मागून एक बाहेर. आत येणारी हवा जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असावी, म्हणजे फटीफटींतून धूळ आत शिरत नाही. हे सगळं एका पानावर मावतं. माइनोल्फला त्यासाठी पूर्ण वसंत ऋतू लागला.

रोज संध्याकाळी पाव, चीज आणि काकडीच्या लोणच्याच्या ताटावर तो बोलायचा. पंख्याच्या पात्यांची धार, आसाभोवतीचं तेल, स्क्रूऐवजी लावायच्या रबराच्या खुंट्या. पेटीतल्या पंख्याचा आवाज मोजणाऱ्या यंत्रावर सव्वीस डेसिबलच्या आसपास भरायचा. पंख्यांबद्दल बोलणाऱ्या माइनोल्फचा त्याने कधी मोजला नाही.

“समज, ही बरणी म्हणजे पेटी,” तो लोणच्याची बरणी पुढे ओढत म्हणायचा.

“मला त्यातली काकडी हवी होती.”

“एक मिनिट. समोरून हवा येते…”

काकडीला रोज वेळ लागायचा.

आणि मग फोरम होता. संगणकाचा आवाज घालवण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या लोकांनी इंटरनेटवर मांडलेला एक अड्डा. तिथे खरी नावं नसत. सगळ्यांत मानाचा सभासद ‘कुजबुजपेटी’ या नावाने लिहायचा. त्याने आपला संगणक इतका शांत केला होता म्हणे, की चालू आहे की बंद हे बघायला तो हात लावून बघतो. हे वाचून माइनोल्फ हळवा झाला. चालू आहे की बंद हे कळू नये, ही अवस्था गाठण्यासाठी काही लोक संगणक घेतात, काही लोक लग्न करतात.

फोरमवर लांब केबल हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. मागे एका नवख्याने विचारलं होतं, पेटी शेजारच्या खोलीत का नाही ठेवत? त्याला कुजबुजपेटीने उत्तर दिलं होतं, “मग शेजारच्या गावातच ठेवा.” तो नवखा पुन्हा दिसला नाही.

पंखे येऊ लागले. कुरिअरवाला वर चढायचा कंटाळा करायचा आणि पार्सलं दुसऱ्या मजल्यावर विबेकेबाईंकडे ठेवून जायचा. ऐंशी वर्षांची विधवा, दिवसभर घरात. इमारतीतली निम्मी पार्सलं तिच्याकडेच पडायची. माइनोल्फ आणायला गेला की ती दार हातभर उघडायची.

“पुन्हा पंखे, रेकरसाहेब?”

“हे वेगळे आहेत, विबेकेबाई.”

“मागचेही वेगळे होते. तुमच्या घरात एवढं तापतं तरी काय?”

माइनोल्फ हसत नसे. त्याचं आणि विबेकेबाईंचं जुनं होतं. तिचा नवरा गेला त्याच महिन्यात एका रविवारी दुपारी ती भिंतीत खिळा ठोकत होती, त्याचा फोटो लावायला. तिसऱ्या ठोक्याला माइनोल्फ दारात उभा. हातात नियमांच्या कागदाची प्रत. तो रागावला वगैरे नव्हता. उलट अगदी सभ्यपणे त्याने लाल रेघेवर बोट ठेवलं होतं. “उद्या सकाळी खुशाल ठोका,” असंही म्हणाला होता. विबेकेबाईने हातोडी खाली ठेवली होती. सोमवारी काही ठोकल्याचा आवाज आला नाही, नंतरही कधी आला नाही. नियम पाळला गेला याचं माइनोल्फला समाधान वाटलं होतं.

पहिले पंखे जाळीमागे बसवले तर शिट्टी वाजवू लागले. दुसरे घोगरे निघाले. तिसरे ऑस्ट्रियाचे होते. दुधाच्या कॉफीत चिखल मिसळावा अशा रंगाचे, महाग आणि खरोखर उत्तम. पात्यांना हात लावला तरच फिरतायत हे कळायचं. पेटीच्या आतून त्याने काळ्या फोमचे जाड थर चिकटवले. खोलीच्या दाराला चारी बाजूंनी रबराच्या पट्ट्या लावल्या. खाली उंबऱ्याशी तर इतकी घट्ट, की दार लावताना बाटलीचं बूच बसल्यासारखं व्हायचं. पेटीतला इशारा देणारा बारकासा भोंगाही उपटून टाकला. पेटी फार तापली की तो पीं पीं करतो. आणि पीं पीं हा आवाज आहे.

झालं, वाटलं. पण शांततेचं एक वाईट असतं. एक आवाज मेला की त्याच्या मागे लपलेला दुसरा पुढे येतो. आता फ्रिज ऐकू येऊ लागला. फ्रिज गप्प केला तर पाण्याचे पाइप. पाइपांना कापड गुंडाळलं तर घड्याळ.

“आईचं घड्याळ का थांबलंय?” रोस्विटाने विचारलं.

“थांबलं नाही. थांबवलंय. टकटक करत होतं.”

“घड्याळं तेच करतात, माइनोल्फ.”

“मुद्रणात येतं ते.”

“इतकी वर्षं कुणाच्या कानात आलं नाही ते. आता खोलीत गेलं की मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू येतं. ते कधी थांबवतोयस?”

त्याने ‘हं’ म्हटलं. पण त्या रात्री जेवताना ती लोणच्याच्या बरणीकडे बघत म्हणाली, “गुद्रुनचा फोन होता.” गुद्रुन म्हणजे तिची बहीण, झोस्टला राहते, गाडीने तासाभराच्या आतच. “तिची शिवणाची खोली रिकामी आहे म्हणाली. तिथे छोटा संगणक आहे, काहीच आवाज करत नाही. पुस्तकाची शेवटची प्रकरणं तिकडे वाचू का?”

“किती दिवस?”

“बघू.”

‘बघू’ हा शब्द माइनोल्फने कारखान्यात ऐकला होता. फुलांच्या गुच्छाच्या आधी.

त्याने घाईघाईने सांगितलं की अजून एकदाच, एकच संधी दे, मुळावरच घाव घालतो. गुद्रुनला तो ओळखत होता. ती गेली चार वर्षं, घटस्फोट झाल्यापासून, रोस्विटाला म्हणत होती, “ये ना इकडे, राहा ना.” आणि रोस्विटा एकदा सुईदोरा घेऊन त्या खोलीत बसली की तिला उठवणं अवघड जाईल, हे माइनोल्फला कुठल्याही तापमापकाशिवाय कळत होतं. फक्त हे तिला सांगायचे शब्द त्याच्याकडे नव्हते. पंख्यांचे होते. त्यामुळे तो पंख्यांबद्दलच बोलत राहिला, आणि त्या बोलण्याच्या तळाशी काय आहे ते ऐकायला घरात एवढी शांतता असून कुणी नव्हतं.

जुलैच्या शेवटी लिबोरीची जत्रा आली. आठवडाभर गावात पाळणे, बँड, बिअर, चर्चच्या घंटा. माइनोल्फ त्या आठवड्यात कानात मेण घालून फिरायचा. पण यंदा त्याला एक फायदा दिसला. रविवारी सगळी इमारत जत्रेला जाईल. वर कुणी चालणार नाही, खाली कुणी नळ सोडणार नाही. तेव्हा वाचायचं. एक ते तीन.

आणि तेव्हाच त्याला ती कल्पना सुचली. पंख्यांचा वेग संगणकातून ठरवता येतो. जगभरातले लोक तो तापमानावरून ठरवतात. जास्त तापलं, जोरात फिर. थंड झालं, सावकाश. माइनोल्फच्या मनात आलं, हे किती बेशिस्त आहे! ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा आवाज करायचा? इमारतीत तसं चालतं का? पंख्यांनाही वेळ नको? त्याने घड्याळावर वेळापत्रक बांधलं. दुपारी एक वाजता सगळे पंखे बंद. तीन वाजता चालू. रविवारी वेगळं कलम, एकला बंद झाले की दिवसभर बंद. नियमांच्या कागदावर जे होतं ते त्याने अक्षरशः पेटीत उतरवलं, आणि ते त्याला इतकं देखणं वाटलं की त्याने फोरमवर टाकलं. कुजबुजपेटीने लिहिलं, “असं आजवर कुणी केलेलं नाही.” माइनोल्फने हे कौतुक समजून दोनदा वाचलं.

रविवारी उष्मा असा की छतावरचं डांबर वास मारत होतं. जत्रेचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्या बंद. फ्रिज बंद. घड्याळ बंद. रोस्विटा पाण्याचा ग्लास घेऊन आत गेली, दार बुचासारखं लागलं. एक वाजला. पेटीतले कॉफीच्या रंगाचे उत्कृष्ट पंखे, एकेक करून, नियम पाळत थांबले.

माइनोल्फ पॅसेजमध्ये मोजे घालून उभा होता. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला वाटलं, हेच ते.

आत, बंद खोलीत, फोमची दुलई पांघरलेली, श्वास बंद केलेली ती पेटी तापत गेली. ओरडायला तिच्याकडे भोंगा नव्हता. रोस्विटा वाचत होती. नाव चालवणारी म्हातारी शेवटचा प्रवासी घेऊन निघालेली, धुकं, पलीकडचा काठ दिसत नाही. इतकं चांगलं तिने कधीच वाचलं नव्हतं. तिला स्वतःलाही ते कळलं होतं. दोन वाजून गेले असतील, पुस्तकाचं शेवटचं पान उलटलं आणि पडदा काळा झाला. आवाज न करता. पेटीने स्वतःचा जीव वाचवण्यासाठी स्वतःला बंद करून घेतलं. वाचलेलं, अजून न साठवलेलं सगळं तिच्याबरोबर गेलं.

दार उघडलं. रोस्विटाचा चेहरा उन्हातून आल्यासारखा लाल होता.

“गेलं,” ती म्हणाली.

“काय गेलं?”

“सगळं. पेटीला हात लावून बघ.”

त्याने लावला आणि झटकन मागे घेतला. मग तो बोलू लागला. तापमान, वेळापत्रक, कलम, रविवार. कशामुळे झालं ते त्याला लगेच कळलं होतं आणि ते तो समजावून सांगत होता, अगदी मुद्देसूद. रोस्विटा ऐकत होती. तिने मध्येच विचारलं, “तू पंख्यांना दुपारची झोप लावून दिलीस?”

“झोप नाही, शांतता. नियमच आहे तसा…”

“पंख्यांना नियम वाचता येत नाही, माइनोल्फ. पेटीला गरम होतं. दुपारी पण होतं. रविवारी पण होतं.” ती हे ओरडून म्हणाली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. “मला लांब केबल हवी होती. वसंतात. सहा युरोची.”

ती झोपायच्या खोलीत गेली. कपाटाचं दार वाजलं. माइनोल्फ उंबऱ्यापाशी गेला आणि बघत राहिला. सूटकेसमध्ये ब्लाऊज, पुस्तक, चष्म्याचं घर. मग तिने कपाटाच्या वरच्या कप्प्यातून तिचा लोकरीचा जाड कोट काढला, झटकला आणि घडी करून ठेवला.

बाहेर डांबर वितळत होतं. ती कोट भरत होती.

“सव्वाचारची गाडी आहे,” ती म्हणाली आणि सूटकेस पॅसेजमध्ये नेऊन ठेवली. मग स्वयंपाकघरात जाऊन बसली. वेळ होता. गाडीच्या बराच वेळ आधी तयार होऊन बसायची या घराची रीत होती.

माइनोल्फला काहीतरी बोलायला हवं होतं. त्याने तोंड उघडलं तर त्यात पंखे होते. त्याने तोंड मिटलं. तो तळघरात गेला. तळघरात, नावानिशी लेबलं लावलेल्या डब्यांमध्ये, एक लांब केबल होती. नवीकोरी. ती त्याने एप्रिलमध्येच विकत घेतली होती आणि मग फोरमच्या लाजेने लपवली होती. केबलशेजारी भिंत फोडायचं ड्रिलयंत्र होतं. पातं निवडायला त्याला क्षणभरही लागला नाही. चौदा मिलिमीटर. केबलचं टोक तेवढ्यातून जातं.

खरं तर दाराखालून केबल गेली असती. पण दाराखाली त्याने लावलेली रबराची पट्टी होती, आणि ती खरवडून काढायला संध्याकाळ झाली असती. माणूस स्वतःच्याच कामात असा पुरला जातो, व्यवस्थित, चारी बाजूंनी.

त्याने पेटी पडद्यासकट ओढत पॅसेजमध्ये आणली आणि चालू केली. आतल्या पंख्यांचं वेळापत्रक पुसून टाकलं. ते लगेच जीव खाऊन फिरू लागले, समुद्रासारखा आवाज करत, जसं त्यांना पहिल्यापासून करायचं होतं. मग त्याने ड्रिल भिंतीला टेकवलं. समोर बंद केलेलं घड्याळ होतं, हातावरचं बघितलं. अडीचच्या पुढे. रविवार. लिबोरी. एका वेळी तीन नियम.

त्याने बटण दाबलं.

त्या इमारतीने युद्धानंतर असा आवाज ऐकला नसेल. भिंत ओरडली, कपबशा कपाटात नाचल्या, टाचांपासून दाढेपर्यंत सगळं हललं. विटांचा लाल भुगा त्याच्या मोज्यांवर पडत होता. रोस्विटा स्वयंपाकघराच्या दारात आली.

“माइनोल्फ! दुपार आहे!”

“माहीत आहे!”

“रविवार आहे!”

“अगं, माहीत आहे!” तो ओरडला, आणि थांबला नाही.

पातं भसकन पार गेलं. तो गुडघ्यावर बसला, भोकाला डोळा लावला. पलीकडच्या खोलीतला थोडा उजेड दिसला. मग उजेड गेला. पलीकडे कुणीतरी वाकलं होतं.

“केबल कुठाय?” भोकातून रोस्विटाचा आवाज आला.

त्याने केबलचं टोक आत सरकवलं. पलीकडून ते ओढलं गेलं, जरा जास्तच जोरात.

तेवढ्यात दारावर थाप पडली. माइनोल्फ हातात ड्रिल घेऊन, डोक्यावर विटांचा भुगा घेऊन दारात गेला. विबेकेबाई उभी होती, एक मजला चढून धापा टाकत. तिच्याकडे नियमांचा कागद असेल असं त्याला वाटलं, आणि वाटलं की बरोबरच आहे. पण तिच्या काखेत एक फोटोची चौकट होती. जाड भुवयांचा एक माणूस, मागे सरोवर.

“चूक झाली, विबेकेबाई,” माइनोल्फ म्हणाला. “मला माहीत आहे किती वाजलेत.”

“मलाही माहीत आहे. मी बहिरी नाही.” तिने ड्रिलकडे पाहिलं. “गरम आहे तोवर खाली या. आमच्या ह्यांना इतकी वर्षं मी जमिनीवर टेकवून ठेवलंय. दुपारी खिळा ठोकायचा नाही, सकाळी माझा हात उठत नाही. आज तुमचंच चाललंय तर एक भोक माझंही.”

“आत्ता?”

“मग कधी? उद्या सकाळी तुम्ही परत रेकरसाहेब व्हाल.”

तो खाली गेला आणि तिने बोट ठेवलं तिथे भोक पाडलं. ते थोडं वाकडं गेलं. तिने चौकट लावली, मागे सरून पाहिलं. “वाकडेच होते ते,” ती म्हणाली आणि त्याला दारापर्यंतही सोडायला आली नाही.

वर आला तेव्हा मागच्या खोलीचं दार लागलेलं होतं, बुचासारखं. पॅसेजमध्ये पेटी घोंघावत होती. त्यावरच्या पडद्याला रोस्विटाने एक चिठ्ठी चिकटवली होती: ‘मी भिंतीवर टकटक केली की मुद्रणाचं लाल बटण दाब. मग गप्प बस.’

भिंतीवर टकटक झाली. त्याने बटण दाबलं.

आत ती वाचू लागली. शब्द कळत नव्हते, भिंतीतून नुसती चाल ऐकू येत होती, चढणारी, उतरणारी, मधेच थांबणारी. इतक्या महिन्यांत त्याने ते पुस्तक ऐकलं नव्हतं. म्हातारी, नाव, धुकं यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. वाचनालयातल्या बाईचं ते शालीचं वाक्य मात्र का कोण जाणे त्याला आठवलं, आणि त्यावर आपण काय म्हणालो होतो तेही.

बसायला पॅसेजमध्ये काही नव्हतं. सूटकेस होती. अजून भरलेली, कोटासकट, दाराकडे तोंड करून उभी. सव्वाचारला अजून अवकाश होता. तिने ती आत नेली नव्हती आणि तो विचारणारही नव्हता. त्याला गप्प बसायला सांगितलं होतं. त्याने सूटकेस आडवी केली आणि तिच्यावर बसला, पूर्ण वजन टाकून. बसताना कुलूप जरासं करकरलं. माइनोल्फने श्वास रोखला, आणि भिंतीपलीकडचा आवाज अडखळतोय का ते ऐकत तसाच बसून राहिला.